भोंग्यानंतरचा लसूणघास

भोसरीत आमच्या शेजारी राहणारे, कंपनीत लेथ मशीन चालवणारे गृहस्थ माणसांशी मोजकंच बोलत, घरातल्या गिनीपिगशी मात्र भरभरून. त्याला कुणी उंदीर म्हटलं, तर चहा अर्धा टाकून उठत. संध्याकाळी त्यांच्या कंपनीचा भोंगा झाला की गिनीपिग पिंजऱ्यात शिट्ट्या मारू लागे; मग हे सायकलची घंटी वाजवत, लसूणघास घेऊन हजर.

एकदा तापामुळे ते घरीच होते. मी भेटायला गेलो, तेवढ्यात भोंगा झाला आणि शिट्ट्या सुरू झाल्या. हे गोधडी सारून उठले, चपला घालून जिना उतरले, खाली घंटी वाजवली आणि वहिनींनी कॅरिअरला आधीच अडकवून ठेवलेला घास घेऊन धापा टाकत वर आले.

"अहो, रजेवर ना तुम्ही?" मी म्हणालो.

"रजा मी टाकलीय, राव. त्यानं न्हाई."