दाराबाहेरचा टोन

मुलगी परदेशी गेली तेव्हा गिटारचा आवाज बदलणारा पेडल घेऊन गेली आणि गिटार ठेवून गेली. विमानात वजनाची मर्यादा असते. घरात मी, काळी गिटार आणि तिचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर एवढे उरलो. तिची आई आधीच वारली होती.

निवृत्त प्राध्यापकाने बासरी शिकावी, फार तर हार्मोनियम. शनिवार पेठेत तेवढं खपतं. मी हेवी मेटल शिकायला घेतलं, कारण मला तिचा आवाज पुन्हा ऐकायचा होता. तिचा म्हणजे तिच्या गिटारचा. संध्याकाळी तिच्या बंद खोलीतून तो यायचा, मी पुस्तक मिटून दारावर दोनदा टकटक करायचो आणि तो कमी व्हायचा. सात-आठ वर्षं आमचा संवाद मुख्यतः असा चालला.

इंटरनेटवरचे दाढीवाले गुरू वादनापेक्षा तत्त्वज्ञान जास्त शिकवतात. एकाने सांगितलं, या संगीताला आत साठलेला संताप लागतो. त्याची मला कमतरता नव्हती. सोसायटीच्या सभांना मी नियमित जातो. अडचण उजव्या हाताची होती. तळहाताची कड तारांवर हलकेच टेकवून वाजवायचं, म्हणजे सूर दबून, तुटक येतो. जास्त टेकवली तर नुसता लाकडावर ठोकल्याचा आवाज. हे जमायला चार महिने गेले.

मग टोन, म्हणजे आवाजाचा पोत. बुधवार पेठेतल्या रेडिओ-स्पीकर दुरुस्तीवाल्याला म्हटलं, आवाज फाटेल असा पेडल हवा.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, तुमच्या वयाची माणसं माझ्याकडे खरखर काढायला येतात."

"मला घालायची आहे."

"घरी विचारलंय का?"

"घरी कोणी नाही."

यावर पुढचा टोमणा त्याने गिळला आणि पेडल दिला.

तरीही जमेना. आवाज फाटायचा, पण कानात टाचण्या टोचल्यासारखा. तिचा गोल होता, जड होता, जमिनीतून चालत आल्यासारखा. मी अ‍ॅम्प्लिफायरची बटणं फिरवली, तारा बदलल्या, पट्टी उतरवली. जमल्यावरच तिला सांगायचं ठरवलं होतं. शेवटी हरलो आणि एका रविवारी तिला फोनवर वाजवून दाखवलं.



"बाबा, हे तुम्ही वाजवलंत?"

"शेजारी वाजवतील असं वाटतं का?"

"हात बरा बसलाय हो! कधीपासून?"

"ते राहू दे. टोन तुझ्यासारखा येत नाही."

"अगदी माझाच तर आहे."

"नाही. तुझा असा टोचत नव्हता. घुमायचा. थोडा गुदमरलेला."

ती हसली. "बाबा, तो दाराचा टोन. आत असाच टोचायचा. तुम्ही कधी आलात आत?"

तिने हे सहज विचारलं होतं. मी रेंज गेल्याचा बहाणा केला नाही, एवढंच. "नाही आलो," म्हणालो. मग तिने तिकडच्या हवामानाची माहिती दिली आणि आम्ही फोन ठेवला.

संध्याकाळी मी दहा मिनिटं वाजवून ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. तिच्या खोलीत मोबाइल वायरने अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, आवाज ती ठेवायची तेवढा ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

तोच. गोल, जड, पायांखालून येणारा. सागवानी दार कुठल्याच गुरूने सुचवलं नव्हतं. माझ्या चुकाही त्यातून स्वच्छ ऐकू येत होत्या. तिच्या असल्या तर मला कळल्या नव्हत्या.

मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. मग सवयीने हात वर गेला आणि दोनदा टकटक केली.

आतला आवाज काही कमी झाला नाही.