धाकट्या साहेबांचा जामीनदार

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या चुकांची शिक्षा या जगात कुणी स्वतःहून, कुणीही न सुनावता भोगली असेल, तर ती आमच्या वरच्या काकांनी. वाक्य जरा मोठं झालंय, मला कळतं. पण छोटं करायला गेले की खोटं वाटायला लागतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. राज्यशास्त्राच्या तासाला सर परराष्ट्र धोरण शिकवायला लागले की बाकीची मुलं भराभर उतरवून घेतात आणि मला मात्र कुवेतमधला, फहाहीलचा आमचा हॉल दिसतो. तिथे सतरंजीवर मांडी घालून काका बसलेले आहेत, आमटीभाताचा घास हातातच राहिलाय आणि डोळे टीव्हीकडे वटारलेले आहेत. हे उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

काका नात्यातले नव्हेत, शेजारी; आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. बायको-मुलं नाशिकला. आई इमारतीतल्या एकट्या माणसांना डबे द्यायची, पण काकांना डबा पसंत नव्हता. ते खाली येऊन ताटातच जेवत. रिफायनरीत ते शटडाउनचे प्लॅनर होते. म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद करायचा तर कुठला पाइप कधी उघडायचा, कोण उघडणार, आणि मुख्य म्हणजे सगळं पुन्हा चालू कसं करायचं, हे आधी कागदावर आखायचं. हे काम त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की आईने पुऱ्यांसाठी कढई चढवली तरी ते विचारत, "वहिनी, बंद केव्हा करणार? तेल कुठे ओतणार? आधी ठरवलंय ना?" माझ्या दहावीच्या अभ्यासाचा रंगीत पट्ट्यांचा तक्ता त्यांनी फ्रिजवर चिकटवला होता. त्यात 'रडणे' यासाठीही पिवळी पट्टी होती, गणिताच्या आदल्या संध्याकाळी. मी त्या वेळी रडले नाही तर त्यांना काळजी वाटली.

या काकांचं अमेरिकेच्या अध्यक्षांशी नातं जुळलं ते कुकरमुळे. नव्वद साली इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा काका अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये चढले, जॉर्डनच्या वाळवंटात तंबूत राहिले आणि विमानाने मुंबईला पोहोचले. पुढच्या वर्षी परत आले तेव्हा तेलाच्या विहिरी अजून पेटलेल्या होत्या, दुपारी बारा वाजता दिवे लावावे लागत, इमारतीतल्या घरांची दारंखिडक्यासुद्धा लोकांनी पळवली होती. आणि काकांच्या स्वयंपाकघरात मात्र त्यांचा प्रेशर कुकर शेगडीवर जसाच्या तसा होता. शिट्टीसकट. ही गोष्ट काकांनी थेट कुवेत सोडवणाऱ्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या खात्यावर जमा केली. ते त्यांना 'थोरले साहेब' म्हणत. "थोरल्यांचं कसं, आले, काम केलं, हात धुतले, गेले. लोक म्हणतात बगदादपर्यंत का नाही गेले? अरे, परमिट कुवेतपुरतं होतं! परमिटबाहेर एक बोल्ट उघडायचा नाही, हे त्या माणसाला कळत होतं." बाबा एसीचे मेकॅनिक. त्यांना यातलं बोल्टपुरतंच पटायचं, पण ते मान हलवायचे. काका मोठे होते, शिकलेले होते, आणि बाबांना शिकलेल्या माणसांचं फार कौतुक.

मग दोन हजार तीन साल आलं. थोरल्यांचा मुलगा अध्यक्ष होता. हे धाकटे साहेब इराकवर चालून जाणार अशी तयारी सुरू झाली, रस्त्यावरून रात्रंदिवस लष्करी गाड्यांची रांग उत्तरेकडे जाऊ लागली आणि काका टीव्हीत परमिट शोधू लागले. "परमिट दिसत नाहीये," ते घास चावता चावता म्हणत. "सगळ्या जगाने सही द्यायला नकार दिलाय. पण असू दे. थोरल्यांचा मुलगा आहे. बापाचं काम बघूनच मोठा झाला असेल ना?" आई म्हणाली, "भाऊजी, आमच्या गावच्या डॉक्टरांच्या मुलाने साधं इंजेक्शन दिलं तर हात सुजला होता." काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वायूचे बाँब पडतील म्हणून सरकारने एक खोली टेप लावून बंद करा असं सांगितलं होतं. इमारतीची ती जबाबदारी काकांनी स्वतःकडे घेतली. राई नावाच्या भागातल्या बाजारातून टेपची रिळं आणली, आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडक्या, एसीची जाळी, विजेची बटणंसुद्धा बंद केली, आत पाणी, बिस्किटं, रेडिओ, ओले टॉवेल मांडले आणि रंगीत तालीम घेतली. आम्ही तिघं आत बसलो. बाहेरून दाराच्या चारी बाजूंनी टेप ओढल्याचा आवाज आला आणि थांबला. बाबांनी आतून विचारलं, "दादा, सगळं झकास, पण तुम्ही बाहेर कसे?" टेपचं रीळ खाली पडल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "म्हणूनच तालीम घ्यायची असते."

युद्ध भराभर पुढे सरकलं. मे महिन्यात धाकटे साहेब एका जहाजावर उभे राहून म्हणाले की मोठी लढाई संपली. काका त्या दिवशी बकलाव्याच्या मिठाईचा डबा घेऊन जिने उतरले. नेमक्या त्याच आठवड्यात बाबांच्या कंपनीने विचारणा केली होती. सीमेपलीकडे लष्कराच्या छावण्यांत एसी बसवायचे आणि चालू ठेवायचे, उन्हाळ्याचे तीन महिने, पगार दुप्पट. बाबांना जायचं होतं, कारण मला भारतात कॉलेजला पाठवायचं त्यांनी मनाशी धरलं होतं. आई अडून बसली होती. तिने बकलाव्याचा डबा उघडलाच नाही. काकांसमोर उभी राहून विचारलं, "भाऊजी, तुम्ही रोज बातम्या बघता. खरंच संपलं का? तुम्ही सांगाल तसं करू."

मला अजून तो क्षण दिसतो. बाबा काकांकडे बघत होते, आई काकांकडे बघत होती. काका म्हणाले, "अहो वहिनी, एवढ्या मोठ्या देशाचा अध्यक्ष भर समुद्रात उभा राहून सगळ्या जगासमोर खोटं बोलेल का? थोरल्यांचं रक्त आहे. तुम्ही बिनधास्त पाठवा. मी जामीन."

बाबा त्याच महिन्याच्या मध्याला गेले. आणि पुढच्या काही दिवसांतच काका हातात घास धरून टीव्हीसमोर थिजले, कारण बातमीत सांगत होते की अमेरिकेने इराकचं सगळं सैन्यच बरखास्त करून घरी पाठवलंय. "घरी पाठवलं?" काका ओरडले. "जुनी माणसं सगळी घरी? अरे, मग प्लँट चालवणार कोण? बंदुका काढून घेतल्या का? पगाराचं काय केलं? वहिनी, या माणसाकडे स्टार्ट-अपचा, पुन्हा चालू करायचा कागदच नाही हो! याने नुसतं उघडलंय!" आई वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "मग आता?" काकांनी ताट बाजूला सारलं आणि मान खाली घालून म्हणाले, "त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागतो."

त्या दिवसापासून ही रीतच पडली. रोज संध्याकाळी काका जिना उतरून येत, आधी बातम्या बघत आणि मग अध्यक्षांच्या वतीने आईची माफी मागत. बगदादला वीज नाही, माफी. पाइपलाइन उडवली, माफी. एकदा धाकटे साहेब म्हणाले की हल्ले करणाऱ्यांनी यावंच, आम्ही तयार आहोत. त्या दिवशी काका जेवलेच नाहीत. "प्लँटमध्ये आग लागली असताना कुणी म्हणतं का, आणखी लागू दे? आपली माणसं आत आहेत हो!" आई वैतागायची. "भाऊजी, तुम्ही माफी मागून हे परत येणार आहेत का? गरम आहे तोवर जेवा." ती त्यांच्यावर चिडली होती, पण त्यांचं ताट तिने कधी चुकवलं नाही, फक्त आधी ती त्यांना विचारून वाढायची, आता न विचारता वाढायची आणि ते न बोलता खायचे. मीठ कमी आहे हेसुद्धा ते सांगेनासे झाले.

शिवाय काकांनी आमच्या हॉलच्या भिंतीवर इराकचा तक्ता लावला. वीज, पाणी, पोलीस, निवडणूक, प्रत्येकाची रंगीत पट्टी, आणि सगळ्यांच्या शेवटी एक हिरवा चौकोन: बाबा परत. तो ऑगस्टच्या अखेरीला होता. ऑगस्ट संपला. कंपनी म्हणाली, बदली माणूस नाही, थांबा. काकांनी उजवीकडे नवा कागद जोडला आणि हिरवा चौकोन उचलून पुढे चिकटवला. मग आणखी एक कागद. तक्ता दिनदर्शिकेच्या पुढे गेला, कोपऱ्यावरून वळला, शेवटी न्हाणीघराच्या दारापाशी पोहोचला. आई म्हणाली, "आता पुढचा कागद लावाल तर हे थेट मोरीतून येतील." बाबांचा फोन शुक्रवारी यायचा, तोही दोन-तीन मिनिटं. "इथे सगळं ठीक," एवढंच ते म्हणायचे. मागे जनरेटरचा आवाज इतका असायचा की आम्हाला त्यांच्यापेक्षा तोच जास्त ऐकू यायचा. मग एका शुक्रवारी फोन आलाच नाही. पुढच्याही नाही.

तिसऱ्या शुक्रवारची वाट न पाहता काका, आई आणि मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर सभ्य होता, आपल्याकडचाच, हिंदीत बोलत होता. म्हणाला, छावणीवर तोफगोळे पडले होते, पण तुमचा माणूस सुखरूप आहे, फोनची लाइन तुटलीय. काकांनी विचारलं, परत कधी आणणार? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "भेजने का प्लॅन था साहब. लाने का किसी ने बनाया नहीं."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतके महिने ज्या माणसाला ते टीव्हीच्या काचेआड शिव्या देत होते, तोच जणू पंख्याखाली चहा पीत समोर बसला होता. "वहिनी," ते मराठीत म्हणाले, "हे सगळे एकाच शाळेत शिकलेत." मग त्यांनी मॅनेजरकडे कागद मागितला. छावण्यांत किती माणसं, कोण कुठे, कुणाला काय येतं, कुवेतमध्ये रिकामं कोण आहे, सगळं विचारून घेतलं आणि आठवडाभर ड्यूटी सुटली की ते त्या ऑफिसात जाऊन बसले. पट्ट्या रंगवल्या. एक माणूस जाईल, काम समजून घेईल, मगच आधीचा निघेल. मॅनेजरने तक्ता बघितला आणि लगेच मान्य केला. मला वाटतं, रंग बघूनच केला.

काका तो तक्ता घेऊन आमच्याकडे आले. आईने सगळ्या पट्ट्या नीट बघितल्या आणि तिचा आवाज चढला. "भाऊजी, यांचं नाव चौथं कसं?"

"पहिले दोघं पार उत्तरेला आहेत, वहिनी. तिथे रोज गोळीबार आहे. तिसऱ्याला कावीळ झालीय."

"तक्ता तुम्ही केलात ना? पेन तुमच्याच हातात होतं ना? पाठवताना आमचा नंबर पहिला, आणि आणताना चौथा?"

काका उभेच होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "पहिलं नाव मी यांचंच लिहिलं होतं," ते म्हणाले. "दोनदा लिहिलं. पण मग मी रोज इथे बसून टीव्हीवरच्या त्या माणसाला कुठल्या तोंडाने नावं ठेवू, वहिनी?"

आई वळली. स्वयंपाकघरात गेली आणि आतून भांड्यांचे आवाज येत राहिले. त्या रात्री काकांचं ताट मांडलं गेलं नाही आणि तेही न थांबता वर गेले. मी मध्ये उभी. मला आईचं पटत होतं, काकांचंही पटत होतं, आणि दोन्ही पटतं असं म्हणायची सोय नव्हती. पुढचे काही आठवडे मी डबा भरून वर नेऊन द्यायचे. आईच भरायची, पण कुणासाठी आहे ते म्हणायची नाही. काका दार उघडून आधी विचारायचे, "दुसरा आला का? तिसरा निघाला का?" आणि मग डबा घ्यायचे.

बाबा थंडी सुरू झाल्यावर आले. वाळले होते, रंग उडालेल्या पिशवीत दोन शर्ट होते. मी उजव्या बाजूने हाक मारली तर त्यांनी वळून पाहिलं नाही. डाव्या बाजूने मारली तेव्हा हसले. "जनरेटरजवळ झोपायचो ना," ते म्हणाले. आईने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. उजवा कान जनरेटरने गेला की आणखी कशाने, हे आमच्यापैकी कुणी त्यांना कधी विचारलं नाही.

आता बाबा-आई गावी आहेत, काका निवृत्त होऊन नाशिकला गेलेत, मी इथे हॉस्टेलवर आहे आणि युद्ध अजून संपलेलं नाही. टीव्हीवर ते बघताना मला राग येतो, पण काकांसारखा सविस्तर नाही.

बाबा आले त्या संध्याकाळी आईने मला वर पाठवलं. "जा, बोलाव त्यांना. म्हणावं, ताट वाढलंय." काका खाली आले. टीव्ही बंद होता. ते नेहमीच्या जागी बसले, आणि ती जागा बाबांच्या उजव्या हाताला होती. बाबांना वाटलं काका अवघडलेत, म्हणून तेच हसून म्हणाले, "काय दादा, धाकटे साहेब काय म्हणतात?" काकांनी भात कालवला. मग बाबांकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "माझ्यामुळे गेलास तू. माझं चुकलं रे."

बाबा जेवत राहिले. जरा वेळाने काकांचे ओठ हलले होते असं त्यांना वाटलं असावं. मान वळवून, डावा कान पुढे करून त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

काका या वेळी मोठ्याने म्हणाले, "म्हटलं, आमटी छान झालीय."

दारात उभ्या असलेल्या आईने दोन्ही वाक्यं ऐकली होती. ती पुढे आली, काकांच्या भातावर आणखी दोन पळ्या आमटी घातली आणि म्हणाली, "मीठ कमी असेल तर सांगा भाऊजी."