कोणीच न लिहिलेली टेस्ट

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. या सदरातले अनुभव वाचून मला हसू येतं. सुनसान रस्त्यावर लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई... तिला दुसरं काही सुचत नाही का? तरी लिहितेय, कारण हे भर दुपारी माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

मी बहारीनला सॉफ्टवेअर टेस्टर आहे, राहते सनाबिसला. सलमानियाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात आमचा प्रोग्रॅम बसवला होता — वजनावरून बाळांच्या औषधाचा डोस काढणारा. रविवारपासून नर्सेस तो वापरणार होत्या. ऑफिसातल्या कॉपीवर सगळ्या टेस्ट, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते तपासायला आम्हीच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, पास होत्या. मला त्याच टेस्ट हॉस्पिटलात बसवलेल्या प्रोग्रॅमवर चालवायच्या होत्या.

"ऑफिसात पास म्हणजे पास. खलास," आमचे मॅनेजर देशपांडे म्हणाले. या गृहस्थांनी आयुष्यात एक टेस्ट लिहिलेली नाही. त्यात गुरुवार; इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणजे वीकेंडची घाई. मी ऐकलं नाही. माझी सहकारी, रत्नागिरीची रुबीना, सोबत आली.

टेस्ट एकेक पास होत गेल्या. शेवटी एक लाल ओळ आली — 'दोन किलोपेक्षा कमी वजन : फेल'.

"ही तू लिहिलीस?" रुबीनाने विचारलं.

"नाही. तू?"

"मी कशाला लिहू?"

सगळ्या फाइल्स शोधल्या... अशी टेस्ट कुठेच नव्हती. मग मी हातानेच एक किलो आठशे ग्रॅम वजन टाकून पाहिलं. डोस दहापट आला. इथे बसवताना कोणीतरी एक सेटिंग चुकवली होती.

रुबीनाने माझा दंड धरला. "वॉर्डात एवढीशी दोन बाळं आहेत गं," ती म्हणाली. "येताना काचेतून पाहिली मी."

देशपांडेंना फोन केला. आधी चिडले, मग म्हणाले, लगेच दुरुस्त करा. सेटिंग दुरुस्त करून टेस्ट परत चालवल्या. ती ओळ आली नाही. मुद्दाम सेटिंग पुन्हा बिघडवून पाहिली... तरीही नाही. मग ती परत नीट करून ठेवली.

रविवारी देशपांडेंनी ऑफिसात पेढे वाटले. म्हणे, बाप्पाची कृपा. टेस्ट नको म्हणणाऱ्याला बाप्पा बरा आठवला. हॉस्पिटलचा आयटीवाला म्हणतो, मेमरीतला कचरा असेल. कचऱ्याला बाळाचं वजन कळतं, हे मला नवीनच.

ज्यांच्याकडे याचं उत्तर असेल त्यांनी ते स्वतःजवळच ठेवावं. ती टेस्ट आता मी लिहून घातली आहे — नाव बदललेलं नाही.