हायड्रोजनचा तास

“ॲसिड पाहिजे ना, बाई? हे घ्या.”

पर्यवेक्षक सरांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली. हळूच ठेवली. नववीचा अख्खा वर्ग बघत होता. माझ्या हातात खडू होता. फळ्यावर हायड्रोजन तयार करायची आकृती अर्धी काढून झाली होती.

“पण आधी मुलींच्या संडासात थोडं ओतून या. पिवळे डाग पडलेत. तुम्हा लोकांना हे काही शिकवावं लागत नाही. उरलं तर करा तुमचा प्रयोग.”

आवाज चढलेला नव्हता. चहा घ्या म्हणावं तसं म्हणाले.

मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. एक हसलं की बाकीच्यांना परवानगी मिळते.

मी बाटली उचलली. होय, उचलली. व्हरांडा ओलांडला. मैदानाच्या कडेला मुलींचे संडास होते तिथे गेले. नाकाला पदर लावला आणि ओतलं. फरशीवर फेस आला. शहाबादी फरशीवर ॲसिड पडलं की कोणता वायू निघतो, ते माझ्या डोक्यात आपोआप आलं. समीकरणासकट आलं. रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेलं डोकं ते. ते खाली घालून मी तिथे उभी होते.

परत आले तर घंटा झाली होती. फळ्यावरची आकृती कोणीतरी पुसून टाकली होती.

आम्ही इंदोऱ्याचे, रेल्वेच्या पुलाअलीकडच्या कामगारवस्तीतले. बाप गिरणीत, आई घरी बिड्या वळायची. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी एवढीशी होते. देव बाहेर गेले आणि त्यांच्या फळीवर पुढे माझी पुस्तकं आली, एवढंच आठवतं. शिकले. पश्चिमेकडल्या बंगल्यांच्या वस्तीतल्या एका शाळेत राखीव जागेवर लागले. सत्तरचं दशक होतं. सायकलनं जायची. रेल्वेचा पूल ओलांडला की भाषा बदलायची. अलीकडे ‘मले’, पलीकडे ‘मला’. एकदा वर्गात तोंडातून ‘मले सांग’ निघून गेलं. पुढे कितीतरी दिवस पोरं मला पाहिलं की ‘मले, तुले’ करून राहिली होती.

शिक्षकखोलीत माझं नाव पडलं होतं सरकारची सून. मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचे. मधल्या सुट्टीत बायका डबे उघडून गोल करून बसायच्या. पहिल्या दिवशी मी खुर्ची ओढली तर एकीला उपास निघाला, दुसरीला वह्या तपासायच्या आठवल्या. गोल मोडला. दुसऱ्या दिवशी मी लांब बसले, तर परत जमला. मग माझी खुर्ची खिडकीपाशीच राहिली. भाकर, वांग्याची भाजी, आणि समोर भिंत. मला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. शिवी द्यायला माणसाकडे बघावं तरी लागतं.

वस्तीत तरी कोणाशी बोलणार? माझ्या बरोबरच्या मुली लेकुरवाळ्या झाल्या होत्या. मी नळावर गेले की “मास्तरीणबाई आली” म्हणून त्या बाजूला व्हायच्या. मानानं व्हायच्या. पण चाललेलं बोलणं थांबायचं. इकडे पाहावं तर अशी मोकळी जागा, तिकडे पाहावं तर तशी. मधे मी आणि माझी सायकल.

बोलायची ती वर्गात. अणू शिकवताना मला स्वतःचा विसर पडायचा. आवर्त सारणीचा जुना कापडी तक्ता होता, कडेनं फाटलेला. तो मी घरी नेऊन शिवून आणला आणि नववीत टांगला. एक दिवस मंजिरी उठली. वकिलाची मुलगी, वर्गात पहिली यायची.

“बाई, हायड्रोजन तर वायू आहे. मग त्याला सोडियमच्या रांगेत का बसवलं? ते सगळे धातू आहेत.”

इतका चांगला प्रश्न मला त्या शाळेत कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन आहे, सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत असतो तसा. पण वागायला तो त्यांच्यासारखा नाही. म्हणून काही तक्त्यांत तो वेगळा काढलेलाही दिसतो. तो कसा वागतो ते उद्या डोळ्यांसमोर दाखवते.

पर्यवेक्षक सर व्हरांड्यातून ऐकत होते. ते मोठ्या वर्गांना रसायन शिकवायचे. शिक्षकखोलीत आल्यावर म्हणाले, “बसवलं म्हणजे काय? सरकारनं जागा राखून ठेवली असेल हायड्रोजनसाठी.” सगळे हसले. कोणाच्या तरी बशीत चहा सांडला इतके हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली मागितली. ती त्यांच्याकडे असायची. किल्ली काही दिली नाही. म्हणाले, वर्गात जा, ॲसिड मी आणून देतो. आणि आणून दिलं. ते वर सांगितलं.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं.

“पालकांची कुरबूर आहे. तुम्हाला प्रयोग जमत नाहीत म्हणे.”

“बाई, किल्ली मिळत नाही.”

“ते राहू द्या. असं करा, रसायन झेपत नाही असा अर्ज द्या. पाचवी-सहावीची हस्तकला देते तुम्हाला. तुमचंही निभेल, आमचंही.”

मी विचार करून सांगते म्हणाले. त्यांना वाटलं देणार. मलाही वाटलं होतं, देईन. खोटं कशाला सांगू? रोज कोणी सांगत राहिलं की तुला येत नाही, तर हातांना ते खरं वाटू लागतं. सायकलचं हँडल धरलेले माझे हात मी पुलावर थांबून पाहिले. हे हात खरंच काही करू शकतात की नाही?

ते पाहायचं होतं. वस्तीच्या तोंडाशी मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज होतं. तिथून काचेच्या बाटलीत थोडं बॅटरीचं ॲसिड मागून आणलं. घरात टॉर्चचे संपलेले सेल पडले होते. सेलचं वरचं कवच जस्ताचं असतं. पक्कडीनं ते सोलायला अंगणात बसले. उन्हं कलत होती. आई सूप मांडीवर घेऊन तेंदूची पानं कापत होती.

“हे काय करून राहिली वं?”

“शाळेचं काम आहे.”

“शाळंत नाही होत ते?”

पाण्यात ॲसिड थेंबथेंब सोडलं. त्यात जस्ताचे तुकडे टाकले. बुडबुडे यायला लागले. बाटलीला बूच, बुचात नळी, नळीवर कॉलेजपासून जपलेली कोरडी परीक्षानळी उलटी धरली. हलका वायू वर चढतो. थोडा वेळ धरून ठेवली. मग आईच्या काडेपेटीतली काडी ओढली आणि परीक्षानळीच्या तोंडाशी नेली.

पॉक!

आईच्या मांडीवरचं सूप हललं. “बापा! फुटलं का काय?”

“फुटलं नाही. पेटलं. आत बघ.”

नळीच्या आत धुकं बसलं होतं. बारीक, श्वासासारखं. आईनं नळी उजेडाकडे धरून पाहिली.

“पानी हाय.”

“हो. हायड्रोजन जळला की पाणी होतं.”

“आगीतून पानी?” ती किती तरी वेळ नळी फिरवत राहिली. मग म्हणाली, “मंग हे पानी कोनाचं म्हनायचं?”

मला हसू आलं. पण ती हसत नव्हती. तिचं माहेर खाप्याकडचं. गावच्या विहिरीबद्दल ती कधी बोलत नसे. त्या संध्याकाळी बोलली. लहानपणी घागर घेऊन विहिरीच्या खाली, बाजूला बसून राहायचं. कोणाला दया आली तर तो वरून ओतणार. नाही आली तर उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसायचं. एकदा तिनं न विचारता दोराला हात लावला, तर तिच्या बापाला चावडीसमोर बोलावून जोड्यानं मारलं. तिच्या देखत.

“मी मंग कधी हात नाही लावला,” आई म्हणाली. “भेलो आमी. तवा भ्यायचंच होतं.”

मग मी सांगितलं. बाटली, संडास, हसणं, हस्तकला. सगळं. शाळेतलं मी घरी आणत नसे. त्या दिवशी आणलं. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ दे, नोकरी हाय. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. पानं कापायची कात्री हातात तशीच.

“तास कोनाचा होता?”

“माझा.”

“मंग तू काहून बाहेर गेली वं?”

मी परीक्षानळी धुऊन पालथी घातली.

मी अर्ज दिला नाही. सोमवारी बाटली, सेलचे तुकडे, नळ्या पिशवीत घालून शाळेत गेले. नववीच्या दारात पोचले तर पर्यवेक्षक सर आधीच टेबलापाशी उभे. पुस्तक उघडलेलं.

“बाई, तुम्हाला कळवलं नाही का? रसायन आता माझ्याकडे.”

“अर्ज मी दिलेला नाही, सर. वेळापत्रकात हा तास माझा आहे.”

“बाहेर बोलू आपण.”

“बाहेर नाही येणार. तुम्ही मला जे बोललात ते या वर्गासमोर बोललात. मीही वर्गासमोरच सांगते. मी इथे रसायन शिकवायला आले आहे. संडास धुवायचं मला पुन्हा सांगायचं नाही. मलाच काय, माझ्या जातीकडे बघून कोणालाच सांगायचं नाही.”

माझा आवाज कापत होता. ते सगळ्यांना ऐकू येत होतं. येऊ दे म्हटलं.

सरांचा चेहरा लाल झाला. ते मुलांकडे वळले. “चला रे, सगळे सभागृहात. रांगेनं.”

आणि वर्ग उठला. सगळा. बाकं वाजली, चपला वाजल्या. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मंजिरीनंही नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं, सांगितलं तिकडे गेली.

मी एकटी उरले. रिकामी बाकं, दप्तरं, एका बाकावर अर्धी खाल्लेली बोरं. तेव्हा जितकं एकटं वाटलं तितकं खिडकीपाशी भिंतीकडे तोंड करून खातानाही वाटलं नव्हतं. वाटलं, निघावं. सायकल काढावी, पूल ओलांडावा, परत येऊच नये.

मी खडू घेतला. फळ्यावर तारीख घातली. विषय लिहिला: हायड्रोजन. आकृती काढली, पूर्ण काढली, नावं दिली. मग बाकांकडे वळले आणि शिकवायला लागले. मोठ्यानं. सगळ्यात हलका अणू. मध्यभागी एक प्रोटॉन, भोवती एक इलेक्ट्रॉन. जस्ताची आम्लाशी क्रिया झाली की हा वायू सुटतो. वेड्यासारखं वाटत होतं. तरी शिकवलं. बुडबुडे आले, नळी धरली, काडी लावली. आवाज रिकाम्या वर्गात केवढा तरी मोठा झाला. शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं क्षणभर थांबलं.

दुसऱ्या दिवशी तेच. सर मुलांना घेऊन गेले, मी बाकांना शिकवलं. तिसऱ्या दिवशीही. शाळाभर झालं, सरकारच्या सुनेला वेड लागलं. शिपाई दारातून डोकावून जायचा. मोठ्या बाईंनी मेमो दिला. मी त्याला लेखी उत्तर दिलं: माझ्या तासाला मी माझ्या वर्गात हजर होते. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. उत्तर आलं नाही. शिक्षक संघटनेच्या पुढाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, बाई, जरा दमानं घ्या. माझ्या बाजूनं कोणी उभं राहिलं असं मी सांगू शकत नाही. राहिलंच नाही.

मग एका तासाला मंजिरी दारात आली. सभागृहातून निसटून आली होती.

“बाई, हा प्रयोग वार्षिकला येतो ना?”

“येतो.”

“सर नुसतं लिहून देतात. मला दाखवाल?”

माफी नाही, दुःख नाही. तिला मार्क पाहिजे होते. मी म्हटलं, बस. तिच्या हातानं काडी लावायला लावली. आवाजाला दचकली आणि हसली. परत करू का म्हणाली. मला तिचं प्रेम नको होतं. मला विद्यार्थी पाहिजे होता, आणि तो पहिल्या बाकावर बसला होता.

तिनं घरी सांगितलं. तिच्या वडलांनी मोठ्या बाईंना विचारलं की मुलांना प्रयोग का दाखवत नाहीत. बस, तेवढं पुरलं. माझा तास मला परत मिळाला, किल्लीही मिळाली. न्याय म्हणून नाही. एका वकिलाच्या मुलीच्या मार्कांसाठी. हे मी तेव्हाच नीट समजून घेतलं, आणि ते गोड करून कधी कोणाला सांगितलं नाही. पर्यवेक्षक सरांना कोणी काही विचारलं नाही. ते मानानं निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मी गेले नाही.

खिडकीपाशीच बसते अजून. इतक्या वर्षांनंतर आता कोणी कोणी बोलावतं, या ना बाई, इकडे बसा. मी जात नाही. राग म्हणून नाही. मला तिकडे जायचंच नाही.

परवा मोठ्या बाईंनी बोलावलं. आता खुर्चीत दुसऱ्या आहेत, पण बोलणं तेच. म्हणाल्या, “जूनपासून नवीन बाई येताहेत. राखीव जागेवरच. गणिताला. तुम्ही जरा त्यांना समजावून सांगा, इथे कसं मिळूनमिसळून राहायचं ते.”

“सांगते,” म्हटलं.

मिळूनमिसळून राहायचं मी तिला सांगणार नाही. मी सांगणार आहे की पहिल्या दिवशी, पहिल्या शब्दाला नाही म्हण. आवाज कापला तर कापू दे. तुझ्या तासाला वर्ग सोडू नकोस. वर्ग उठून गेला तरी तू उठू नकोस.

आणि नुसतं सांगून मी थांबणार नाही. तिच्या पहिल्या तासाला मी दाराशी उभी असेन. वर्ग उठवायला जो येईल, त्याची गाठ आधी माझ्याशी आहे.