जिजीचा तळवा

“तुले काय लिखनं शे ते सांग वं माय, मी तेच सांगसू.” मी टॅब उघडला, की जिजीचं हे वाक्य ठरलेलं. रनाळ्यात अगदी रस्त्याला लागून तिचं घर. ओसरीत खाट, आणि चहा घेतल्याशिवाय उठू देणार नाही. तुम्ही कधी सर्वेक्षणाचं काम केलं असेल, तर असं एखादं घर तुम्हालाही ठाऊक असेल. अख्ख्या तालुक्याचं मत म्हणून आम्ही जिजीचंच मत पुन्हा पुन्हा घेतलं.

आमची कंपनी मोबाइलवरून डॉक्टर गाठून देणार होती. नंदुरबारच्या ऑफिसात सर भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून धंद्याचं मॉडेल बसवत होते. वर्गणी भराल? “भरसू.” कुटुंब योजना घ्याल? “लिसू.” जिजीकडे साधा फोनसुद्धा नव्हता. पण दारी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा तिचा नियम. तिच्या दर होकाराला सर एक हिरवी चिठ्ठी लावत आणि ‘ग्राहक तयार आहे’ असं वर कळवत. बाजारात तुरी म्हणतात, ते हेच.

मी निघताना ती हळूच म्हणे, “मन्हा तळवा देखी लेशी का? माले वाकाले जमत नही.” तिला शुगर होती. पाहुणीला पाय दाखवायचा म्हणून लाजायची, पदर सारखा करत अर्धवटच बोलायची. फॉर्ममध्ये प्रश्न होता, दुखतं का? “दुखत ते नही.” मी ‘निरोगी’वर बोट टेकवायची आणि वर सांगायची, “जिजी, पायाचं पुढच्या टप्प्यात आहे.” वाकून बघायला मिनिटही लागलं नसतं.

उद्घाटनाला पहिली रुग्ण म्हणून जिजीलाच आणलं. डोकं थोडं दुखतं, एवढंच म्हणायचं, असं सरांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या, पाहुणे सरसावून बसले. जिजीनं आधी पडद्याला हात जोडले. “मी पाय दखाडस, राग नको मानू बहीन,” म्हणाली, आणि फडक्यात गुंडाळलेला पाय उचलून थेट टेबलावर, हारतुऱ्यांशेजारी ठेवला. फडकं मी सोडलं. तळव्याला खोल भोक पडलं होतं, आणि वास पुढच्या रांगेपर्यंत गेला.

“यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला हलवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांच्या खटपटीनंतर आमची सेवा पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडली होती, आणि सर ओरडत होते, “कॅमेरा बंद करा!” नंतर त्यांनी अहवालात लिहिलं, वापरकर्तीने संहिता पाळली नाही.

मीच तिला रिक्षात घालून नेलं. दोन बोटं गेली, पाय वाचला. वॉर्डात तिनं माझा हात धरला. “तू ते कितला दाव घर उनी वं माय. तुले बी नही दिखनं?” इतक्या वेळा घरी येऊनही मला कसं दिसलं नाही, हे तिनं रागानं नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर देणं तिला जमायचं, मला त्या दिवशी जमलं नाही. नोकरी मात्र मी सोडली.

जिजी मागच्या थंडीत गेली. ओसरीत आता खाट नाही. कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात गेली, तिचं नवं पत्रक परवा माझ्या हाती आलं. वर जिजी हसते आहे, खाली लिहिलंय, ‘आमची समाधानी वापरकर्ती’. फोटो गुडघ्यापर्यंतच आहे.