नकाशातला विसर्ग

"तुमच्यातलीच चार माणसं उतरवा की गटारात. तुम्हाला सवय असते."

नगरपंचायतीतले साहेब हे माझ्याकडे न बघता बोलले. मोबाईलवर बोट फिरवत. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या. मी उभी. हातात गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज. मी शिक्षिका, पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवते, दिवसभर बोलणं हेच माझं काम. आणि तिथे माझ्या तोंडून काय निघालं? "हो साहेब." अर्ज टेबलावर ठेवून बाहेर आले. पोचसुद्धा मागितली नाही. त्या "हो साहेब"ची मला आजही लाज वाटते.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात कुठलंही धरा. सावित्रीला पूर आला की सगळेच बुडतात, बाजारपेठही आणि आमची बौद्धवाडीही. त्या पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. हे पाणी गटाराचं. पेठेखालचं जुनं दगडी गटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतं, आणि तिथली रस्त्याखालची मोरी कधीचीच ढासळून बुजलीय. तासभर पाऊस लागला की सगळ्या पेठेची घाण उलटून आमच्या घरात. वरच्या आळीत चप्पल भिजत नाही. माझ्या आईला अर्धांगवायू झालाय, तिला उठता येत नाही. तिची खाट विटांवर चढवलीय, तरी पाणी खाटेला लागतं. मग मी आणि शेजारची वहिनी तिला उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवतो. जिथे भाकरी थापायची, तिथे आई.

आणि आम्ही काय केलं? रविवारी खरंच गटारात उतरलो. साहेबांनी सांगितलं ना! बाया, पुरुष, सगळे. फावडी, घमेली, मांडीएवढा गाळ. पेठेतली माणसं नाकाला रुमाल लावून बघत होती. एकानेही घमेल्याला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत पेठेपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गटार लख्ख. आम्हाला वाटलं, सुटलो.

पुढच्या पावसात पाणी आलं ते धावत. गाळ होता तोवर तो पाणी थोडं अडवून तरी धरत होता. खालची ढासळलेली मोरी फावड्याने निघण्यातली नव्हती, ती बुजलेलीच, आणि वरची वाट आम्हीच राबून मोकळी करून दिलेली. आपल्याच हातांनी आपल्या घरात घाण सोडली. मी आईला ओट्यावर टेकवलं, तर ती खालच्या काळ्या पाण्याकडे बघत म्हणाली, "माज्या आज्याला तळ्याचं पाणी पिऊ देत नव्हते गो. आता बघ, न मागता घरपोच देतात."

ती हसली. मला रडू आलं. दुःखाने नाही, रागाने.

दोन दिवसांनी कचेरीतून शिपाई आला, साहेबांनी बोलावलंय म्हणून. या वेळी खुर्ची मिळाली. चहासुद्धा. समोर टाईप केलेला कागद: वस्तीतील नागरिकांनी श्रमदानाने गटार स्वच्छ केले, तक्रार निकाली.

"इथे सही करा बाई. पेपरात फोटो येईल तुमचा."

श्रमदान म्हणे! साहेबांच्या मागे भिंतीवर गावाच्या गटारांचा नकाशा होता. मी त्यात आमची गल्ली शोधायला लागले. पेठ होती, आळी होती, देऊळ होतं. आमचं एकही घर नव्हतं. निळी रेघ पेठेखालून खाली यायची, आणि जिथे आईची खाट आहे तिथे थांबायची. तिथे एकच शब्द लिहिलेला. विसर्ग.

मी मुलांना विसर्ग शिकवते. अक्षरापुढची दोन टिंबं. अः.

"साहेब, हे काय?"

"तिथे गावाचं पाणी सोडायचं. जुना नकाशा आहे."

"तिथे आम्ही राहतो."

"कागदावर नाही ना राहत."

मी पेन उचललं. साहेबांना वाटलं, बाई सही करतेय. मी 'निकाली'वर काट मारली आणि खाली फळ्यावर लिहिते तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं: मोरी बुजलेली आहे. इथे माणसं राहतात. नकाशात आमची घरं दाखवा आणि मोरी नवी बांधा.

"याची पोच द्या."

"अशी पोच देत नसतात."

"मग मी बसते."

बसले. साहेब जेवायला गेले, जेवून आले, मी त्याच खुर्चीत. दुपारनंतर गल्लीतल्या बाया येऊन दारात उभ्या राहिल्या. कोणी घोषणा दिल्या नाहीत. चार वाजता कागदावर शिक्का पडला.

मोरी अजून तशीच आहे. नकाशाही भिंतीवर तसाच आहे, आम्ही दर सोमवारी जाऊन बघतो. दर सोमवारी नवा अर्ज, नवी पोच. "हो साहेब" आता आमच्या गल्लीतलं कोणी म्हणत नाही.

आणि एक ठरलंय. यापुढे पाणी शिरलं, तर आईला ओट्यावर चढवायचं नाही. खाटेसकट उचलायचं, पेठेतून न्यायचं आणि साहेबांच्या टेबलासमोर ठेवायचं. मग त्यांनी बघून सांगावं, ही बाई कुठे राहते ते. आईला विचारलं, चालेल का.

"माजं नवं लुगडं काढून ठेव," ती म्हणाली.

काढून ठेवलंय.