पोस्टमास्तरांची बदली

विद्यापीठात त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणत. पत्र त्यांनी आयुष्यात एकही वाटलं नव्हतं. ते विद्यापीठाचा ईमेल सर्व्हर सांभाळत. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी तो एकट्याने उभा केला, तेव्हा वापरणारे चारशे होते आणि ते मुख्यतः एकमेकांना मेल करून ‘मेल मिळाली का?’ असं विचारत.

खोलीला खिडकी नव्हती. एसी होता, पण तो मशीनसाठी. पोस्टमास्तर बारा महिने स्वेटरात. बायको दूरच्या गावी शाळेत शिकवायची. तिथे विद्यापीठाचं उपकेंद्र होतं, म्हणून त्यांनी बदलीचे सात अर्ज केले. सातव्यावर साहेबांनी शेरा मारला : ‘जुना सर्व्हर बंद झाल्यावर विचार करावा.’

सर्व्हर तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. पंख्याला घरघर लागली होती. पोस्टमास्तर रोज सकाळी मोठ्या आशेने त्याची तब्येत पाहत.

अशात वापरणारे साठ हजार झाले. साहेब म्हणाले, “नवीन काही आणायला वेळ नाही. आहे तेच वाढवा. तुम्हाला काय अवघड आहे?”

तारीफ हा त्यांचा कच्चा दुवा. एका दणकट मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरने अनेक मशीनं तयार करता येतात. पोस्टमास्तरांनी जुना सर्व्हर जसाच्या तसा तिथे उतरवला, त्याच्या बारा प्रती काढल्या आणि साठ हजार लोक बारांत वाटून दिले. जुना डबा भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला. त्याच दुपारी पोस्टमास्तर आठवा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभे राहिले.

“सर्व्हर तर चालू आहे की,” साहेब म्हणाले.

“तो भंगारात गेला, साहेब.”

“डबा गेला हो! आतला जीव इथेच आहे. एकाचे बारा झालेत. आणि त्यांची नाडी तुमच्याशिवाय कोणाला कळते?”

आता घरघरायला पंखाच उरला नव्हता. खालचं मशीन तापलं, तर वरचा सर्व्हर चालता चालता शेजारी जोडीला ठेवलेल्या मशीनवर जाऊन बसे. कुणाला पत्ताही लागत नसे.

“म्हणजे त्याची बदली चालू कामात होते,” बायको फोनवर म्हणाली. “मग तुमचीच का नाही होत?”

पोस्टमास्तरांनी आठही अर्जांच्या तारखा वाचून दाखवल्या.

“अहो, पाडा बंद अर्धा दिवस. घेतील नवीन, झक मारून.”

तीन दिवस ते यावर विचार करत होते. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दार लावून घेतलं. सवयीने आधी बॅकअप घेतला. मग एकेक करत बाराही सर्व्हर बंद करत गेले. बारावा बंद होईपर्यंत पहिला उठून बसला होता. मग दुसरा. पडलेला सर्व्हर आपोआप उभा करणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. निदान दोन दिवस तरी गावी निवांत जाता यावं म्हणून.

परीक्षा विभागाच्या कारकुनाचा तेवढा फोन आला. “पोस्टमास्तर, मेल जरा हळू होती का हो मघाशी?”

“हो. आता ठीक आहे.”

संध्याकाळी बायकोने फोनवर विचारलं, “केलं का बंद?”

“केलं.”

“मग?”

“उठलं परत. माझ्याच प्रोग्रॅमने.”

“आता तो प्रोग्रॅम पुसाल?”

पोस्टमास्तरांनी स्वेटरची बटणं लावली. “अगं, चांगला लिहिलाय तो,” ते म्हणाले.